सारंगखेड्याची थंडी आणि बुजरी पंचकल्याणी

खान्देशात थंडी पडते हे पुण्या-मुंबईच्या माणसांना पटवून द्यावं लागतं. मे महिन्यात 44 अंशांना भाजून काढणारा हा मुलूख मार्गशीर्षात पहाटे 10 अंशांच्याही खाली जातो, आणि तापीच्या काठावर वारा सुटला की स्वेटर, शाल, कानटोपी काहीच पुरत नाही. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातलं सारंगखेडा याच काठावर आहे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचाला उतरायचं आणि पुढे एसटी किंवा काळीपिवळी धरायची.

माझी साठी उलटून गेली आहे. पन्नाशीनंतर घोड्यावर बसायला शिकले, आणि तेव्हापासून हा बाजार बघायचा मनात होता. बघायचाच नव्हे, तापीकाठी एखाद्या मारवाडी घोडीवर बसायचंही होतं.

बाजार डोळे दिपवणारा आहे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुक्रा, अबलख, काळेभोर अशी जनावरांची रांगच्या रांग. घेणारे दात बघतात, खूर उचलून बघतात, अंगावरचे भोवरे तपासतात. मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा असला की भाव लगेच चढतो. मारवाडी घोड्याचे कान मात्र मी कितीही वेळ बघत बसेन. आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे आणि सतत फिरते.

शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याकडे एक कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी होती, चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. चाल रेवाल. या चालीत खोगिरावर आपटायला होत नाही आणि दुडकीसारखे पाठीला हिसके बसत नाहीत. माझ्या वयाच्या माणसाला याहून चांगली चाल नाही. पण घोडी बुजरी. मागच्या तंबूची ताडपत्री फडफडली की सगळं अंग ताठ करायची.

सकाळी सातला गेले तेव्हा तिच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या. मालक तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायच्या बेतात होता. मी त्याला थांबवलं. लगामाचं लोखंड हातात घेतलं तर बर्फासारखं गार. दोन्ही तळव्यांत धरून ते कोमट केलं, मगच तिच्या तोंडात दिलं. तंग आधी सैल ठेवायला सांगितला, थोडं चालवून मग एकेक भोक वर. गारठलेल्या पाठीवर एकदम आवळलेला तंग बुजऱ्या जनावराला आणखी बिथरवतो.

घोड्याला थंडी फारशी बाधत नाही. हिवाळी केस आलेला, पोटभर चारा मिळालेला घोडा कोरडी थंडी आपल्यापेक्षा कितीतरी सहज सोसतो. त्याला छळतो तो वारा. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा सुटतो. वाऱ्यात सगळंच हलतं, आवाज कुठून आला ते कळत नाही, वास मिसळून जातात. त्यात बाजारात दिवसभर बांधून ठेवलेलं जनावर, चंदी भरपूर आणि पळायला जागा नाही. गार हवेत ही साठलेली ताकद उसळते.

आणि वर बसलेल्या माणसाचं काय? साठीनंतर थंडीत कंबर आणि मांड्यांचे सांधे लवकर सुटत नाहीत. मांड आवळली जाते, बोटं बधिर होतात, लगाम नकळत खेचला जातो आणि श्वास छातीत अडकतो. घोडीला हे सगळं पाठीतून कळतं. तिच्या लेखी वरचं माणूस आखडलं म्हणजे कुठेतरी वाघ आहे. म्हणून आधी तिला हाताने धरून मी रेतीत बराच वेळ चालले, डावीकडे वळसा, उजवीकडे वळसा. तिच्यासाठी जितकं, तितकंच माझ्या कमरेसाठी. तिने मान खाली सोडली आणि फुरफुरली, तेव्हा एका ओट्यावर चढून तिथून रिकिबीत पाय घातला. जमिनीवरून चढण्यापेक्षा हे माझ्या गुडघ्याला बरं आणि तिच्या पाठीलाही.

आजूबाजूची पोरं घोडे चौखूर उधळत होती. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, ते बघून जीव वरखाली होतो. मी माझं पुण्याहून नेलं होतं. या वयात हाड मोडलं तर जुळायला किती वेळ लागतो, हे घरोघरी बघितलंय.

काठाने निघालो. कदम, म्हणजे साधी चालण्याची चाल, फक्त कदम. एका काटेरी झुडपात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. घोडीचे कान तिच्यावर खिळले, पाठ कमानीसारखी वर आली आणि ती एकदम आडवी सरकली. मी लगाम खेचला नाही. एका बाजूने तिची मान हलकेच वळवली, लांब श्वास सोडला आणि लहान वळशात चालत ठेवलं. पुन्हा पिशवीजवळ, पुन्हा वळसा, दर वेळी थोडं जवळ. मालक बाजूने चालत होता. म्हणाला, "माय, तिले वारानी भीती शे, तुमनी नही."

ते ऐकून माझेही खांदे खाली आले. पिशवी मागे पडल्यावर एक कान माझ्याकडे वळला. मग जरा टाच लावली आणि तिने रेवाल धरली. टापांची लय एकसारखी, खोगीर जागचं हलत नव्हतं. तापीचं पाणी बाजूला, उन्हं पाठीवर. साठीनंतर घोड्यावर कशाला, असं विचारणाऱ्या सगळ्यांना मला तेवढा पट्टा दाखवायचा आहे. घाई न करण्याची ताकद मला तिशीत नव्हती, आणि बुजऱ्या घोड्याला नेमकी तीच लागते.

परतताना शेवटचा टप्पा उतरून चालत आलो. खोगिराखाली ती घामेजली होती. ओली पाठ गार वाऱ्यात तशीच ठेवणं वाईट, म्हणून गोणपाटाने खसाखसा पुसली, मग झूल घातली आणि अंग निवल्यावरच पाणी दिलं. मालकाने विचारलं, उद्या येणार का? म्हटलं, येते, पण उन्हं चढल्यावर, आणि यात्रेतले भोंगे सुरू व्हायच्या आत.