दोन आईस्क्रीमच्या काड्यांएवढी फट

बाबांच्या फियाटचं उजवं पुढचं दार वरच्या मागच्या कोपऱ्यात घासायचं आणि खालच्या कोपऱ्यातून पेन्सिल आरपार जायची. वर जेमतेम 1 मिलिमीटर, खाली 9. एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या बाईला असं पाचरीसारखं दार रोज अंगणात बघणं सोसत नाही.

गाडी 1978 ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण फियाटचं नाव बदलून तेव्हा चार वर्षं झाली असली तरी घरात कुणी तिला पद्मिनी म्हटलं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा ती गावभागातल्या आमच्या बोळात खिडकीच्या काचेपर्यंत बुडाली होती. पूर ओसरल्यावर एका गॅरेजवाल्याने ती धुऊन, खालून काळा डांबरी रंग मारून दिली. वरून छान दिसायची. फट त्यानंतर दर पावसाळ्याला वाढत गेली.

मिरजेच्या डेंटर चाचांकडे, म्हणजे पत्राकाम करणाऱ्यांकडे, गाडी नेली ती "बिजागरी बघा" एवढंच सांगून. बिजागरीची पिन झिजली होती हे खरं. दार उघडून खालून उचललं की कटकट वाजायचं. चाचांनी पिना बदलल्या, खेळ गेला, पण पाचर तशीच. मग मीच शहाणपण केलं. म्हटलं, खालच्या बिजागरीमागे चकती घाला, दार वर उचललं जाईल. घातली. वरची फट सुधारली, पण लॉक खाचेत बसेना आणि दाराची पुढची कड मडगार्डच्या रंगाला खरवडायला लागली. चाचांनी काही न बोलता चकती काढून माझ्या हातावर ठेवली.

"बाई, दार सरळ आहे. गाडी वाकडी आहे."

या गाडीला खाली वेगळी चासी नसते. पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं, आणि त्यात मोठा वाटा दारांच्या खालून जाणाऱ्या पोकळ पेटीचा. चाचांच्या बोलीत ती 'शील'. ही पेटी कुजली की गाडी मधोमध झोळीसारखी खचते. मग दाराच्या पुढचा आणि मागचा असे दोन्ही खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. वर फट मिटते, खाली उघडते. फळ्यावर हे मी दोन मिनिटांत काढून दाखवलं असतं, पण गाडीत दिसायला चार महिने लागले.

खात्री करायला चाचांनी मधल्या खांबाखाली जॅक लावला. दोन दांडे मारले आणि पत्रा पापडासारखा मोडून जॅकचं डोकं आत गेलं. आतून पुराचा गाळ सांडला, वाळलेला, करडा. पाणी निथळायची भोकं त्या डांबरी रंगाने बंद झाली होती. वरची लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडली तर खाली चिकटवलेलं फायबरचं कापड, त्याखाली पत्रा नाहीच. मग फळी टाकून जॅक आतल्या मजबूत आडव्या पट्टीखाली घेतला. हळूहळू दांडा मारला तशी माझ्या डोळ्यांसमोर पाचर मिटायला लागली. हे मला अजून आठवतं.

कापायच्या आधी मी मापं घेतली. दाराची चौकट काही आयत नाही, त्यामुळे कर्ण सारखे यायचा प्रश्नच नाही. पण गाडीची डावी बाजू पुरात थोडी उंचावर होती आणि तिची पेटी शाबूत निघाली. म्हणून डावीकडचे कर्ण वायरिंगच्या पाइपात सळई सरकवून मोजले, तेच उजवीकडे आरशात धरल्यासारखे ताडून पाहिले. एका कर्णात 7 मिलिमीटरचा फरक. चाचांनी माझा कागद खडूने भिंतीवर उतरवून घेतला. (तो अजून तिथे आहे. रंगारी आला तर पुसू देणार नाही म्हणतात.)

गाडी समतळ करायला गवंड्याची पाण्याची नळी वापरली, कारण चाचांच्या अंगणाला रस्त्याकडे चांगला उतार आहे. चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर, भार चाकांवरच. मधे घोड्या लावून चाकं लोंबती ठेवली असती तर वाकडेपणाच वेल्डिंगने कायमचा झाला असता. सीट काढून आतल्या बाजूने खांबाला खांब जोडणारे चौकोनी पाइप टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते टाके घालून, बसवले. आतून अशासाठी, की दार लावून बघता यावं. मी आधी म्हणत होते की दारं काढून ठेवा, तेवढंच वजन कमी. चाचा म्हणाले, "दार काढलं तर विचारायचं कुणाला?"

पेटी एकदम कापली नाही. आधी आतला पत्रा हातभर कापायचा, नवा टॅक करायचा, दार लावायचं, फट बघायची, मग पुढचा हातभर. सलग टाका ओढला की थंड होताना पत्रा आकसतो आणि खांब ओढतो. एका दुपारी पोराने घाईत वीतभर एका दमात ओढलं आणि 2 मिलिमीटर गेले. ते टाके तोडून परत. नऊ दिवस हेच.

फट मोजायला मी फीलर गेज आणणार होते. चाचांकडे आईस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा होता. एक काडी साधारण 2 मिलिमीटर, दोन एकत्र चिकटवल्या की 4. सगळीकडे तीच सरकली पाहिजे. सुरुवात मागून. मागचं मडगार्ड अंगालाच जोडलेलं, हलत नाही, म्हणून मागचं दार त्याच्याशी जुळवायचं, पुढचं दार मागच्याशी, पुढचं मडगार्ड पुढच्या दाराशी, बॉनेट शेवटी. बॉनेट पुढे दिसतं म्हणून लोक तिथून सुरू करतात आणि सगळी चूक दारात गोळा होते.

मागचं उजवं दार खालून इतकं सडलं होतं की कुर्ल्याच्या भंगारातून दुसरं आणवलं. टॅक्सीचं निघालं, खिडकीची चौकट पिवळी आणि खाली काळं. पद्मिनी कुर्ल्यालाच बनायच्या, तरी ते दार आमच्या गाडीत कडेला 3 मिलिमीटर आखूड पडलं. चाचांनी कडेवर बारीक तार वेल्ड करून कानशीने घासून कड वाढवली. लांबीने कड वाढवायची नाही, दार चार वेळा आपटलं की टवका उडतो.

मग रबर. मी हौसेने नवीन बीडिंग आणलं होतं, जरा जाड. जुळलेली दारं ते लावल्यावर दोन काड्या बाहेर उभी राहिली. एक पूर्ण दिवस वाया. मऊ, पोकळ बीडिंग कोल्हापुरात मिळालं, आणि लॉकची जागा रबर बसवूनच पक्की केली. रंगालाही जागा लागते. दोन्ही कडांवर प्रायमर आणि रंग चढला की अर्धा मिलिमीटर सहज जातो, म्हणून रंगाआधी काडी किंचित सैल जायला हवी.

रंग होऊन गाडी घरी आली. डाव्या मागच्या दाराची खालची फट मात्र मागे जाताना थोडी रुंदावते. त्या बाजूला आम्ही हातच लावला नव्हता. मी ती चाचांना दाखवली, ते "बघू" म्हणाले. परवा भावाने जुना अल्बम पाठवला. नवी गाडी, पुढे हार, दाराशी बाबा आणि मी फ्रॉकमध्ये. फोनवर फोटो मोठा केला तर माझ्या गुडघ्याच्या मागे तीच फट, तशीच रुंदावत गेलेली.

फोटो चाचांना पाठवला. उत्तर आलं: "हिला हात लावायचा नाही."