कन्नड घाट ते तोरणमाळ आणि भुसावळ: जड एसयूव्हीला खानदेशात टायर कोणता?

औट्रम घाट, म्हणजेच कन्नड घाट, उतरून चाळीसगावच्या सपाटीला लागलं की गाडी बाजूला घ्या आणि पुढच्या चाकाजवळ नुसता हात न्या. झळ लागते. अडीच टनांची गाडी, आत पाच माणसं, डिकी गच्च. उतारावर ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, वळणावर ते बाहेरच्या एकाच टायरच्या खांद्यावर जातं आणि ब्रेक डिस्कची उष्णता रिममधून टायरच्या कडेपर्यंत पोहोचते. लहान गाडीला हे सगळं चालून जातं. इथे चूक टायरला महागात पडते.

आमचा रस्ता असा: चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, तोरणमाळ, परतताना शिरपूर, चोपडा, यावल करत भुसावळ-जळगाव. काँक्रीट, डांबर, घाट, मुरूम, काळी माती, सगळं या एका फेरीत येतं. ‘ऑल-वेदर टायर टाकू का?’ असं विचारणाऱ्याला आम्ही हाच रस्ता डोळ्यांपुढे ठेवून उत्तर देतो.

आधी त्या हिमकणाचं बघू. युरोप-अमेरिकेत ऑल-वेदर म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं. दाबलेल्या बर्फावरच्या ठरावीक चाचणीत टायर पास झाला, एवढा त्याचा अर्थ. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा, चाचणीची अट त्याला नाही. असा टायर 7 अंशांखालीही लवचिक राहावा म्हणून त्याचं रबर मऊ ठेवलेलं असतं आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर भरपूर बारीक चिरा असतात. सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे थंडीच्या लाटेत पहाटेचं दव गोठतं खरं, पण ते मोजक्या सकाळी. त्याच टायरला पुढे मे महिना काढायचा असतो. जळगाव-भुसावळचा पारा 45 वर गेला की डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. मऊ रबर आणि चिरा पाडलेले ठोकळे अडीच टनांखाली वळणावर लवलवतात, त्या लवण्याने आणखी तापतात आणि लवकर झिजतात. आमच्या मते खानदेशात राहणाऱ्या गाडीला हिमकण ही शेवटून पहिली गरज आहे. गाडीबरोबर कारखान्यातूनच ऑल-वेदर किंवा ऑल-सीझन आले असतील तर ते फेकू नका, झिजेपर्यंत वापरा. बदलायची वेळ आली की मात्र हायवे टेरेन (पक्क्या रस्त्याचा) किंवा एसयूव्हीसाठीचा चांगला उन्हाळी टायर घ्या आणि ओल्या रस्त्यावरची पकड बघून घ्या.

मग काय वाचायचं? धुळ्यात थांबा, चहा सांगा आणि ड्रायव्हरचा दरवाजा उघडून खांबावरचा स्टिकर बघा. त्यावर टायरचं माप आणि हवेचे आकडे असतात. पुढच्या-मागच्या आसावर (एक्सलवर) कमाल किती किलो चालतात, तेही तिथेच किंवा शेजारच्या पट्टीवर मिळतं. आता टायर बघा. मर्सिडीज जीएलएसला येणारं एक माप 275/50 आर 20, पुढे 113 डब्ल्यू. यातला 113 म्हणजे भारांक: एका टायरला 1,150 किलो. 110 म्हणजे 1,060, 107 म्हणजे 975 आणि 105 म्हणजे 925 किलो. समजा मागच्या आसाची मर्यादा 1,850 किलो आहे. एका टायरवर 925 आले. 105 चा टायर कागदावर बसतो, पण खड्ड्यात आदळल्यावर, वळणावर किंवा एका बाजूला सामान जास्त झाल्यावर त्याच्याकडे शिल्लक काहीच राहत नाही. म्हणून भारांक कंपनीने दिलाय त्याच्या खाली कधीच जायचं नाही. दुकानदार ‘माप तेच आहे ना’ म्हणाला तरी नाही. एकाच मापात दोन-तीन भारांकांचे टायर मिळतात आणि स्वस्तातला बहुधा खालच्या भारांकाचा असतो.

मापाजवळ ‘एक्सएल’ असं असेल तर सांगाडा जादा भाराचा. अलीकडे मापाच्या आधी ‘एचएल’ लिहिलेले त्याहूनही दणकट टायर जड आणि बॅटरीवरच्या गाड्यांसाठी आलेत. एक्सएलची मेख हवेत आहे. 113 चे पूर्ण 1,150 किलो तो 42 पीएसआयला उचलतो. पंपावरचा पोरगा विचारतो, ‘हवा कितली भरू, भाऊ?’ आणि आपण सवयीने 32 म्हणतो. 32 ला तोच टायर साधारण 920 किलोंचा राहतो. म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेला जादा भार आपणच सोडून दिला. बऱ्याच जड गाड्यांत पूर्ण भाराला मागच्या चाकांचा आकडा 40 च्या आसपास किंवा वर असतो. तो स्टिकरवर वेगळ्या रकान्यात असतो, भरल्या गाडीच्या चित्राशेजारी.

भारांकानंतरचं अक्षर वेगाचं: एच 210, व्ही 240, डब्ल्यू 270, वाय 300 किलोमीटर ताशी. एवढं कोण पळवणार, हा प्रश्न रास्त आहे. पण वरच्या वेगाचा टायर म्हणजे उष्णता जास्त झेलणारा टायर, आणि आपल्याला त्याचा उपयोग तिथे आहे. अमेरिकी पद्धतीची प्रतवारी कोरलेली असेल तर तापमानाच्या रकान्यात ‘ए’ आणि ओल्या पकडीच्या रकान्यात ‘एए’ किंवा ‘ए’ शोधा. ‘ट्रेडवेअर’चा आकडा दोन कंपन्यांत ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही, तो प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते.

दोंडाईचा सोडून तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. दत्तजयंतीला इथे घोड्यांचा बाजार भरतो आणि गाड्या शेतात लागतात. कोरड्या दिवसांत तिथला धोका टोकदार असतो: नालाचे खिळे, बाभळीचे काटे, ज्वारीची धसकटं. नक्षीत घुसलेला खिळा मशरूम पॅचने आतून नीट बुजतो, भोक 6 मिलिमीटरपर्यंत असेल तर. बाहेरून कोंबलेली वात ही घरी पोहोचण्यापुरती सोय; एवढ्या वजनाच्या गाडीला ती कायमची ठेवू नका. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, छेद गेला की टायर संपला. त्यावर कोणी पॅच मारून देत असेल तर त्याचे आभार माना आणि निघा. आवाज कमी करायला आतून स्पंज चिकटवलेले टायर असतील तर पंक्चरवाल्याला आधीच सांगा. पॅचच्या जागेपुरता स्पंज कापून काढावा लागतो, नाहीतर पॅच धरतच नाही.

पावसाळ्यात याच शेतांची गंमत वेगळी. काळी माती भिजली की नक्षीच्या खाचांत भरते आणि चाकाच्या दोन-तीन फेऱ्यांत टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीच्या टायरच्या रुंद खाचा चाक वेगाने फिरलं तर चिखल थोडा बाहेर फेकतात. म्हणून लोक ॲक्सिलरेटर दाबतात आणि गाडी आसापर्यंत रुतते. अडीच टनांना ओल्या काळ्या रानातून नेणारा टायर दुकानात मिळत नाही. मुरूम सोडायचा नाही, हाच उपाय. थोडक्यात अडकलाच असाल तर हवा 25 पीएसआयपर्यंत उतरवून, दुसऱ्या गिअरमध्ये, स्टीअरिंग सरळ ठेवून हळू काढा. कडेचं रबर कमी असलेल्या 21-22 इंची चाकांना याहून खाली उतरवू नका, टायर रिमवरून सुटतो. डांबराला लागल्याबरोबर हवा परत भरायची, म्हणजे जवळ 12 व्होल्टचा पंप हवा.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर चढलं की सातपायरी घाट आणि मग साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवरचं तोरणमाळ. यशवंत तलावावर धुकं उतरलेलं असताना भजी खाणं हा स्वतंत्र विषय आहे. टायरच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की शहादा पन्नासेक किलोमीटर मागे राहिलं, आणि तुमच्या गाडीला स्टेपनी आहे का? बऱ्याच आलिशान गाड्यांत ती नसते किंवा बारीक तात्पुरती असते, 80 च्या वेगाची. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावर साधारण 80 किलोमीटर, ताशी 80 पर्यंत जातो, पण भरल्या गाडीत आणि घाटात ते अंतर घटतं. शिवाय रनफ्लॅटची कूस कडक, खड्ड्यात रिमला मार लवकर बसतो. रनफ्लॅट काढून साधे टाकायचे तर चारही बदला आणि स्टेपनीची सोय आधी करा.

सातपुड्यात महिन्यातून दोनदा जाणं असेल, सीताखाईच्या पुढच्या पाड्यांपर्यंत, तरच ऑल-टेरेनचा विचार करा. नव्या ऑल-टेरेनच्या खाचा 10 ते 12 मिलिमीटर खोल असतात, हायवे टायरच्या आठेक. दगडावर साइडवॉल टिकते. त्याबदल्यात प्रत्येक चाक काही किलोंनी जड होतं, गुणगुण वाढते, डिझेल जास्त लागतं आणि ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढतं. ज्याला वर्षातून एकदा तोरणमाळ आणि रोज महामार्ग, त्याने हा सौदा करू नये. आणखी एक मेख: ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेले ऑल-टेरेन तेवढाच भार उचलायला जास्त हवा मागतात. जुनाच 36 चा आकडा ठेवला तर टायर दणकट दिसतो, आत मात्र तापत राहतो.

परतीचा रस्ता अंकलेश्वर-बुऱ्हाणपूरचा. उसाच्या ट्रॉल्या, केळीचे ट्रक आणि पावसानंतरचे खड्डे. इथे प्रश्न कडेच्या रबराच्या उंचीचा. डिफेंडरच्या 255/60 आर 20 ला ती 153 मिलिमीटर, जीएलएसच्या 275/50 आर 20 ला 137. 315/35 आर 22 टाकून मिरवणाऱ्यांकडे 110. खड्ड्याच्या धारेवर रबर रिम आणि दगड यांच्यात चिमटतं, आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. तो फुगा दिसला की टायर त्याच दिवशी उतरवा. कंपनीने परवानगी दिली असेल तर चाक एक इंच लहान करणं हा आमचा आवडता उपाय: ऑडी क्यू 7 ला 285/45 आर 20 ऐवजी 255/55 आर 19 घेतलं तर बाहेरचा व्यास दीडेक मिलिमीटरनेच बदलतो, कडेचं रबर मात्र 128 वरून 140 वर जातं. भारांक तेवढा तपासा आणि 19 चं चाक ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे फिरवून बघा. अरुंद टायर पाणीही चांगलं कापतो. चोपडा-यावल पट्ट्यात जुलैच्या सरीत रुंद टायर पाण्यावर तरंगतो, तेव्हा स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी चालते. जड गाडीला 4 च्या खाली पावसाळा काढू नका.

यावल तालुक्यात बामणोदची वांगी आणि हिवाळ्यातली शेतातली भरीत पार्टी. भरीत पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजतात, आणि पऱ्हाटी तिरपी कापलेली असते तिथेच गाड्या लावतात. तो खुंट सुऱ्यासारखा. गाडी बांधावरच ठेवा, चालत जा. भरीत पळून जात नाही.

भुसावळ-जळगावला दुपारी पोहोचलात तर हवा मोजण्याच्या फंदात पडू नका. तापमान 5-6 अंश वाढलं की साधारण 1 पीएसआय वाढतो, पळून आलेल्या टायरमध्ये आणखी 4-5. तो वाढलेला आकडा बघून हवा सोडली तर सकाळी टायर कमी भरतो. मोजायची ती पहाटे, गाडी हलवण्याआधी. नायट्रोजनही तेवढाच फुगतो; त्यात ओल नसते आणि तो सावकाश झिरपतो, एवढाच फायदा.

खरेदी इथेच करायची तर आधी फोन करा. जून 2020 मध्ये केंद्राने नव्या टायरांची आयात निर्बंधित केली, त्यामुळे मोठ्या मापांत मनासारखं मॉडेल लगेच मिळेलच असं नाही. नाशिक-पुण्याहून मागवावं लागतं. आयएसआयचं चिन्ह बघा आणि टायरच्या बाजूवर कोरलेल्या ‘डॉट’ कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर घासाघीस करा, दोन वर्षांहून जुना घेऊच नका. चारही चाकांना सतत ताकद जाणाऱ्या गाडीला एकच नवा टायर टाकू नका. व्यास वेगळा पडला की डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस सतत फरक भरून काढत तापतात. कंपनीच्या खुणा, मर्सिडीजची ‘एमओ’, ऑडीची ‘एओ’, बीएमडब्ल्यूचा तारा, लँड रोव्हरची ‘एलआर’, चारही टायरांवर सारख्या असाव्यात.

एअर सस्पेन्शन असेल तर उचलण्याआधी स्क्रीनवरून जॅक मोड चालू करा, नाहीतर गाडी जॅकवर असताना सस्पेन्शन स्वतः उंची सावरायला बघतं. दुकानात मदतीचा हात असलेलं मशीन नसेल तर 20-21 इंची चाक त्यांच्या हाती देऊ नका. पहारीने चढवताना टायरची कड फाटते आणि हवा दरमहा उतरत राहते. बोल्ट गनने शेवटपर्यंत कसू नये. टॉर्क पान्याने बहुतेक गाड्यांना 140 ते 160 न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. 50 ते 100 किलोमीटरनंतर तोच पाना पुन्हा लावा, आणि हवेच्या सेन्सरचा आकडा थंड टायरवर नव्याने नोंदवा.