शाहिरांचा घोडा

१६ मार्च २०२४, शनिवार. संध्याकाळी साडेसहाला पालिकेच्या बागेतल्या खुल्या रंगमंचावर शाहिरीचा कार्यक्रम, आणि दुपारी तीनला लोकसभेची आचारसंहिता लागली. मी तेव्हा एका छोट्या नगरपालिकेत लिपिक. जन्म-मृत्यूच्या नोंदी उरकून वेळ उरला की सांस्कृतिक कार्यक्रमांची फाईल माझी.

त्या फाईलवर लेखा विभागाचा शेरा आधीच बसला होता : ‘तीन दरपत्रके जोडावीत.’ पंप घ्यायचा तर तीन दुकानांत भाव विचारता येतो. शाहिराचा भाव कुठे विचारायचा? शेवटी शाहिरांनीच दोन मित्रांची दरपत्रकं आणून दिली, दोन्हींत आकडा त्यांच्यापेक्षा हजाराने जास्त. म्हणाले, “भाऊसाहेब, अफझलखानाच्या पोवाड्याबद्दल शिवकाळातल्या अज्ञानदास शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला म्हणतात. त्याच्याकडे दरपत्रकं मागितली असती तर तो पोवाडा पेशवाईत उभा राहिला असता.”

तीननंतर पळापळ. मुख्याधिकारीच प्रशासक असल्याने फ्लेक्सवर नगराध्यक्ष नव्हते, पण आमदार-खासदार हसत होते. सरकारी जागेतलं असलं काही २४ तासांत उतरवायचं असतं. साहेबांनी मला अर्धा तास दिला. कार्यारंभ आदेश आधीचा, म्हणून कार्यक्रम वाचला. पाहुणे नकोत, सत्कार नकोत आणि सरकारी योजनांची गाणी नकोत या अटींवर. खरं सांगायचं तर माझ्या नोकरीतला हा पहिला कार्यक्रम, जो वेळेवर सुरू होण्याची शक्यता होती.

फ्लेक्स उलटा केला. मागच्या पांढऱ्या बाजूवर आमच्या पेंटरने लाल रंगात ‘शाहिरी संध्या’ लिहिलं. वर्षभर भिंतींवर ‘घरपट्टी वेळेत भरा’ लिहिणारा माणूस तो. हाताच्या सवयीने खाली ‘आदेशावरून’ असंही लिहून मोकळा झाला. पुसायला वेळ नव्हता. तसाच टांगला.

सव्वासहा झाले तरी ढोलकीवाल्याचा पत्ता नाही. मार्चअखेर, म्हणून तो आमच्याच वसुली पथकाबरोबर थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजवत फिरत होता. त्या कामाची मजुरी रोजच्या रोज हातावर पडते, मग तो कशाला सोडेल? आला तो घामाघूम, ढोलकी घरीच, गळ्यात हलगी. कातडं सैल पडलेलं. शेंगदाणेवाल्याच्या शेगडीवर त्याने ती फिरवून फिरवून शेकली, बोटाने टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकली. शाहीर म्हणाले, “चालेल. हलगीवरच होऊ दे.”

दुसऱ्याच गाण्याला समोरच्या इमारतीतून एक बाई आल्या. “मुलीचा दहावीचा पेपर तोंडावर आलाय हो.” मी परवानगीचा कागद काढेपर्यंत शाहिरांनी स्वतःच माईक बंद केला. मग डफावर थाप आणि उघडा आवाज. मागे बाकांवर बसलेली माणसं आपसूक उठून पुढे आली, पोरं कट्ट्याच्या पायरीवर. मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचा ‘जी जी’ दहा हातांवरून येत होता. शाहिरांच्या मानेवरची शीर फुगलेली मला खालून दिसत होती. खानाचा डेरा आला तेव्हा शेंगदाणेवाल्याच्या हातातली पुडी तशीच राहिली, आणि गिऱ्हाईकानेही मागितली नाही.

बिल मात्र अडकलं. ३१ मार्चला तरतूद संपली, मग नवं वर्ष, मग आचारसंहिता उठायची वाट. मानधन ऑगस्टमध्ये जमा झालं. पावतीवरच्या रेव्हेन्यू तिकिटावर सावकाश सही करून शाहिरांनी पेन खिशाला लावलं.

“भाऊसाहेब, आणि घोडा?”