नडगीवरची जाळी

डिसेंबरातली सकाळ. कळमन्याच्या मंडीत संत्र्यांचे कॅरेट वाहणारा चौतिशीतला हमाल छाती धरून आला. "पाठीत कुऱ्हाड घातल्यावानी वाटून राह्यलं, डॉक्टर." ईसीजी ठीक होता. आधी कुठेतरी गॅसचं इंजेक्शन देऊन झालं होतं. मी दोन्ही दंडांवर बीपी घेतलं. उजवीकडे १५०, डावीकडे ११०. पोटात गोळाच आला. इको लावला, तर महाधमनीच्या आत एक पातळ पडदा दर ठोक्याला फडफडत होता. अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांत शिरलं होतं. रुंदी मात्र ४.६ सेंटीमीटर. एवढ्यावर एरवी कुणी ऑपरेशनचं बोलतही नाही.

रात्रीपर्यंत ऑपरेशन चाललं. बाहेर धाकटा भाऊ भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. पँट वर सरकलेली, नडग्यांवर जांभळट जाळी. माशाच्या जाळ्यासारखी, थंडीत उठून दिसणारी.

"हे कधीपासून?"

"लहानपणापासून आहे जी. दादालेही आहे. बाबालेही होतं."

"बाबा?"

"चाळिशीतच वावरात गेले. अटॅक म्हणत सारे."

दोघा भावांचं रक्त जनुकीय तपासणीला पाठवलं. दोघांतही एसीटीए२ या जनुकात बिघाड निघाला.

धमनीला आपण सहज नळी म्हणून जातो. पण तिची भिंत जिवंत स्नायूची असते. त्या पेशींच्या आत ॲक्टिन या प्रथिनाचे धागे असतात. मायोसिन हे दुसरं प्रथिन त्यांना ओढतं, म्हणून दर ठोक्याचा ताण भिंत पेलते. या जनुकात खोट असली की धागे नीट विणले जात नाहीत, पेशीची पकड सुटते आणि भिंत फार फुगण्याआधीच चिरते. २००७ साली हा संबंध उजेडात आला. मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. हीच खोट बारीक रक्तवाहिन्यांत उलटी वागते. तिथे स्नायुपेशी बेसुमार वाढून वाटच बुजवतात. नडग्यांवरची ती जाळी याचीच खूण. म्हणून एकाच घरात कुणाची महाधमनी फाटते, कुणाला तरुणपणी अटॅक येतो, कुणाला लकवा. घरचे त्याला नशीब म्हणतात. आपणही बापाच्या मरणाची नीट चौकशी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मोठा भाऊ वाचला. धाकट्याची महाधमनी ४.२ भरली. गोळ्या सुरू केल्या, ओझं उचलणं बंद केलं. आता तो मंडीत कॅरेट मोजून वहीत लिहितो. गेल्या आठवड्यात पाच वर्षांच्या लेकीला घेऊन आला. मी काही बोलायच्या आत त्यानं तिचा पायमोजा खाली केला.