साक्षीदार म्हणून जिभाऊंची सही

छापखानेवाल्याने मजकूर वाचायचा तो फक्त ऱ्हस्व-दीर्घासाठी, असं आमचे अण्णा सांगायचे. खिळे जुळवायच्या काळात ते त्यांना जमलंही असेल, कारण त्यांना मजकूर उलटाच दिसायचा. मला तो संगणकावर सरळ दिसतो आणि मग मत होतंच.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या बाजूला माझं डीटीपी आणि मिनी ऑफसेटचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि गंधमुक्तीची (तेराव्याची) कार्डं यांच्यावर घर चालतं. परिवर्तनवाल्या सगळ्या मंडळींची पत्रकंही येतात, ती बहुतेक उधारीवर. राष्ट्र सेवा दलवाले, सत्यशोधकवाले, साक्रीकडचे वनहक्कवाले, अंधश्रद्धा निर्मूलनवाले. एरवी एकमेकांना फोन न करणारी माणसं माझ्या बाकड्यावर शेजारी बसून प्रूफ तपासतात. खान्देशातल्या पुरोगामी एकजुटीला जागा लागते ती एवढीच, दोन फळ्यांची.

गोष्ट नोव्हेंबर २०२४ ची, विधानसभेच्या प्रचारातली. सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला धुळ्याची जागा काँग्रेसने ३,८३१ मतांनी घेतली होती. मालेगाव मध्य या विधानसभा मतदारसंघातल्या मतांनी तारलं, नाहीतर गेलीच होती. त्यामुळे आमच्याकडे जो तो एकेक मत मोजत होता. अशात संविधान, वनहक्क, कापसाचा भाव असं सगळं घेऊन मतदारांना आवाहन करणारं एक पत्रक ठरलं. दोन हजार प्रती, एकाच बाजूला छपाई, उमेदवाराचं नाव नाही. मसुदा जिभाऊंनी लिहिला आणि आक्काने त्यात एक परिच्छेद घातला. तिथून वाद सुरू झाला.

जिभाऊ म्हणजे निवृत्त शिक्षक, लहानपणापासून सेवा दलात. आक्का शहाद्याकडची, पन्नाशीची, आता धुळ्यात असते आणि घरकामवाल्या बायांचं संघटन करते. परिच्छेद होता आमच्याच बाजूच्या, महाविकास आघाडीच्या एका नेत्याबद्दल. भरसभेत तो विरोधी पक्षातल्या एका बाईच्या दिसण्यावर बोलला होता. लोक हसले. मंचावरचे आपले लोकही हसले, त्यात दोघे-तिघे असे की फुले जयंतीला भाषणं करतात. आक्काने लिहिलं होतं: आम्ही मत यांनाच देऊ, पण या बोलण्याचा निषेध करतो आणि जाहीर माफी मागतो म्हणेपर्यंत त्यांच्या सभेला जाणार नाही. चारच ओळी होत्या.

जिभाऊंनी प्रूफवर त्या ओळींभोवती पेन्सिलीने गोल केला, फुली मारली नाही. मग म्हणाले, "घरनं भांडण गल्लीमा काबरं लई जावानं?" म्हणजे घरचं भांडण गल्लीत कशाला न्यायचं?

आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "आमले घरमा बसाले जागा शे का, जिभाऊ?"

जिभाऊंची भीती पोकळ नव्हती. आणीबाणी उठली तेव्हा ते ऐन विशीत होते, १९७७ ला त्यांनी भिंती रंगवल्या होत्या. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं जनता पक्षाचं सरकार गेलं आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई परत आल्या. दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे जनता पक्षात राहून संघातही राहता येईल का हा प्रश्न तत्त्वाचा होता हे त्यांना मान्य आहे, पण तो ज्या रीतीने, रोज पेपरातून, एकमेकांची उणीदुणी काढत लढला गेला त्याची त्यांना अजून चीड येते. ते म्हणतात की आपली माणसं सत्तेवरून उतरली तेव्हा त्यांना कोणी पाडलं नव्हतं, ती एकमेकांच्या पायात पाय घालून पडली. शिवाय त्यांचा एक रोकडा मुद्दा होता: या चार ओळींचा फोटो निघेल, बाकीचं पत्रक कापलं जाईल आणि संध्याकाळपर्यंत तो समोरच्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरेल.

आक्का दुसऱ्या शाळेतली. १९७२ नंतर शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे आदिवासी मजूर गोळा झाले. त्या वेळी दारूची मडकी फोडत गावोगाव फिरलेल्या बायांमध्ये आक्काची आई होती. आक्का सांगते की तीच दारू पिणारे आणि घरी जाऊन मारणारे पुरुष संघटनेच्याच मोर्च्यात पुढे घोषणा द्यायचे. तेव्हाही बायांना सांगणारे होतेच, की आधी जमिनीचा प्रश्न सोडवू, मालक टपून बसलाय, घरातलं नंतर बघू. बाया थांबल्या नाहीत. आणि त्यामुळे संघटना फुटली नाही, उलट बाया तिच्यात आल्या, असं आक्काचं म्हणणं.

मग तिने साने गुरुजींना मध्ये आणलं. सेवा दलवाल्यासमोर हे हत्यार काढणं म्हणजे जरा लबाडीच. पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले, तेव्हा खुद्द गांधीजींनी तार करून उपोषण सोडायला सांगितलं होतं. गुरुजींनी सोडलं नाही. गांधींना देव मानणारा माणूस, आणि स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं. वेळ चुकीची म्हणायला याहून चांगली सबब कुठली?

जिभाऊ शांतपणे म्हणाले, "गुरुजी स्वतः उपाशी बसले, आक्का. आधी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं. गांधीजींच्या विरोधात पत्रक नाही काढलं."

हे उत्तर मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. आपल्या माणसावर टीका करायची तर त्याचा काही भार आपल्या अंगावर घ्यावा लागतो. आमच्याच गावात याचं उदाहरण होऊन गेलं. कॉम्रेड शरद पाटलांनी जातीचा प्रश्न लावून धरला आणि १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पक्षाला दोष देऊन ते घरी बसले नाहीत. संस्कृत-पाली ग्रंथ धुंडाळून दास-शूद्रांच्या गुलामगिरीवर लिहीत राहिले, २०१४ मध्ये जाईपर्यंत. त्यांचं सगळं पटो न पटो, (मला अर्धं समजतच नाही) पण मोबाईलवर अंगठा दाबून नेत्याला गद्दार ठरवणं वेगळं आणि हे वेगळं.

पण जिभाऊंच्या "आत बोला" या म्हणण्यात एक मोठं भोक आहे, आणि हा सगळा लेख मी त्याच्यासाठीच लिहितोय. शरद पाटलांना निदान पक्ष होता. बैठक होती, ठराव होता, ठराव फेटाळणारी कमिटी होती. फेटाळला म्हणजे कोणीतरी वाचला तरी होता. आज आमच्यासारख्यांचं नेत्याशी नातं काय? आम्ही सभासद नाही. निवडणूक आली की आम्हाला "समविचारी" म्हणून बोलावतात, पहिल्या रांगेच्या मागे बसवतात, शाल देतात. निकालानंतर फोन स्वीय सहायक उचलतो. हे मी हवेत बोलत नाही. जिभाऊ त्या नेत्याशी आत बोलायला खरोखर गेले होते. सकाळी साडेनऊला बंगल्यावर गेले, दुपारपर्यंत व्हरांड्यात बसले, चहा मिळाला. मग साहेब मागच्या दाराने शिरपूरकडे गेल्याचं कळलं. चिठ्ठी ठेवली, तिचं उत्तर आलं नाही. हे त्यांनी आम्हाला स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. आणि तरीही परिच्छेद नको, यावर ते ठाम राहिले.

मी मध्ये पडून बाबासाहेबांचं वाक्य काढलं, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातलं, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते ते. दोघेही माझ्याकडे बघून हसले. आक्का म्हणाली, "भाऊ, हे वाक्य आपण कायम समोरच्यांना ऐकवतो. आपल्या मंचावर कोणी वाचलेलं ऐकलंय का?" मी मशीनची प्लेट पुसायला गेलो.

आता कायद्याची बाजू, कारण निर्णय शेवटी तिथे लागला. निवडणुकीचं पत्रक छापायचं तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२७-क लागतं. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीचं घोषणापत्र सही करून दोन प्रतींत द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांनी ते साक्षांकित करायचं आणि छापून झाल्यावर एक प्रत पत्रकासोबत मी जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोक याला कटकट म्हणतात. मला हे कलम आवडतं. जे बोलायचं ते नावानिशी बोला, एवढंच ते सांगतं.

मसुद्यात प्रकाशक म्हणून जिभाऊंचं नाव होतं. ते म्हणाले, "परिच्छेद ठेवायचा तर माझं नाव काढा. मी त्या ओळींची जबाबदारी घेऊ शकत नाही." आक्का म्हणाली, "मग माझं टाका." आवाज चढला नाही, पण बाकड्यावर मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा झाली. मी नाव बदललं. घोषणापत्राचा कागद काढला. आक्काने सही केली. एक साक्षीदार मशीनवरचा आमचा पोरगा झाला. दुसरा कोण?

जिभाऊंनी खिशातलं पेन काढलं आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही केली. दोन्ही प्रतींवर. वर मला म्हणाले, "मजकुराला नाही, बाईला ओळखतो म्हणून." घोषणापत्र नेमकं तेवढंच विचारतं.

पुढचं थोडक्यात. फोटो निघाला, जिभाऊंनी सांगितलं तसाच कापून, आणि संध्याकाळचीही वाट न बघता फिरला. माफी कोणी मागितली नाही. देवपूरच्या एका वस्तीत बायांनी आक्काला विचारलं, "हे तुमीच तुमच्या माणसांबद्दल छापलं?" आणि पत्रकाच्या जास्त प्रती मागून घेतल्या. त्याने मतं वाढली की नाही हे मोजायला माझ्याकडे काही साधन नाही. २३ तारखेला निकाल लागला. भाजप, शिंदे आणि अजितदादा मिळून २३० जागा, आघाडी पन्नाशीच्या आत.

त्यानंतरच्या चिंतन बैठकीत (हरल्यावर आमच्यात चिंतन फार होतं) एका गृहस्थांनी आमच्या पत्रकावर बोट ठेवलं. आपल्याच लोकांनी सुरा खुपसला वगैरे. आक्का उठायच्या आत जिभाऊ उठले. म्हणाले, त्या परिच्छेदाला माझा विरोध होता आणि आजही आहे. पण दोन हजार कागदांनी राज्य जात असेल तर ते आधीच गेलेलं होतं. आणि ज्यांना ती टीका टोचली त्यांनी त्या दिवशी मंचावर हसू नये, एवढं तरी जमायला हवं होतं. मग ते खाली बसले आणि बाजूच्याला हळूच विचारलं, शेवभाजी कुठे सांगितलीय.

मला वाटतं, त्या दोघांचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटवायची घाई दोघांनाही नाही. माझं मत मात्र झालं आहे. टीका चार भिंतींत करा असं म्हणणाऱ्यांचा मला राग नाही, त्यातल्या काहींचा मी आदर करतो. पण आता असं कोणी म्हणालं की मी भिंती दाखवायला सांगतो. बैठक कुठल्या दिवशी, किती वाजता, नेता स्वतः येणार की सहायक, आणि बोललेलं लिहून कोण घेणार. एवढं कळवा. दोन हजार प्रतींचा कागद वाचेल, आणि आक्काची मागची उधारीही अजून बाकी आहे.