पाचू घरी आला, त्याचे पहिले तीस दिवस

महिनाभर वहीत रोज चार ओळी लिहीत होते, त्यातलं शॅमेलिऑन पाळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल तेवढं इथे उतरवते आहे. पाचू येमेनी शॅमेलिऑन आहे, म्हणजे रंग बदलणारा सरडा, नर, वय साधारण चार महिने. नराच्या मागच्या पायाला टाचेशी बारीकसा काटा असतो आणि तो जन्मापासूनच दिसतो, त्यामुळे ओळखायला अडचण आली नाही. जंगलातून पकडलेला प्राणी घ्यायचा नाही हे माझं आधीपासून ठरलेलं होतं, म्हणून ओळखीच्या ब्रीडरकडे जन्मलेलं पिल्लू आणलं.

आम्ही अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला राहतो. इथे तो पाळता येतो म्हणून आणला. आपल्याकडे कोकणात ज्याला घोयरा म्हणतात तो भारतातला शॅमेलिऑन वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तो घरात ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, घोयरा कुणी घरात आणतं का? विषारी असतो तो." मी लहानपणी गावाला हेच ऐकलंय, आणि याच समजापोटी दगडाखाली चिरडलेला घोयरा पाहिलाय. तो विषारी नसतो. कुठलाच शॅमेलिऑन नसतो.

पिंजरा त्याच्या आधी तीन आठवडे तयार होता. दोन बाय दोन फुटांचा, चार फूट उंच, चारही बाजूंनी जाळीचा. आत मनी प्लांट, शेफ्लेरा आणि कुंडीतली एक जास्वंद. मधून आडव्या फांद्या, काही करंगळीएवढ्या, काही अंगठ्याएवढ्या जाड, म्हणजे पायाच्या पकडीला बदल मिळतो. वर यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांची, लांब ट्यूब आणि शेजारी उबेचा साधा दिवा. खिडकीतल्या उन्हावर विसंबू नका. काचेतून उजेड येतो, यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, आणि ती नसेल तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. ट्यूबपासून बसायची फांदी साधारण २२ सेंटिमीटरवर ठेवली. एका मित्राकडून सोलरमीटर आणून मोजलं, यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास आला. फांदीवर तापमान २८ अंश, खाली २३, रात्री १८ ते १९. हे आकडे सलग आठवडाभर जागेवर राहिले तेव्हाच ब्रीडरला "येते" म्हणून कळवलं.

दिवस १, १२ ऑक्टोबर. दीड तासाचा प्रवास, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात. घरी आल्यावर खोकं पिंजऱ्यात उघडं ठेवलं आणि बाहेर आले. हात लावला नाही. वीस मिनिटांनी तो स्वतःच झाडावर चढला. अंग काळपट तपकिरी, एकदम बारीक झालेला, फांदीच्या पलीकडच्या बाजूला चिकटलेला. मी डावीकडे सरकले की तो उजवीकडे, फांदी कायम दोघांच्या मध्ये. ब्रीडरकडे हाच प्राणी कोवळ्या पानासारखा हिरवा होता. तीन बाजूंना चादर लावली, दार बंद केलं. लेकीला सांगितलं, दोन आठवडे या खोलीत पळापळ नाही.

त्या काळपट रंगाबद्दल थोडं. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात याच जातीच्या नरांच्या झुंजींवर काम झालंय. हरणारा नर अंग गडद करतो आणि त्यामुळे जिंकणाऱ्याचे हल्ले कमी होतात, असं २०१४ च्या अभ्यासात दिसलं. गडद रंग ही त्याची शरणागती. मग पहिल्या दिवशी तो मला काय सांगत होता ते उघड आहे. तो माझ्यापुढे हरलेला उभा होता, आणि "बघू जरा बरा आहे का" म्हणून मी दर तासाला दारातून डोकावत होते! दुपारनंतर ते बंद केलं.

दिवस २ आणि ३. खाल्लं नाही. पहिले दोन-तीन दिवस न खाणं चालतं, पाणी मात्र मिळालं पाहिजे. वाटीतलं साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही, पानावर लकाकणारा थेंब लागतो. म्हणून पहाटे दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं फवारा आणि दुपारी शेफ्लेरावर ठिबक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटीत ठेवलेल्या आठ रातकिड्यांतले पाच गायब. मी खोलीत नसताना.

दिवस ४. काळजीचा दिवस. त्याच्या शीमधला युरेट नावाचा भाग पांढरा हवा. तो गडद केशरी होता. पाणी कमी पडतंय याची ती सरळ खूण. फवारा चालू, ठिबक चालू, मग कुठे चुकलं? रात्री अकराला आर्द्रतेचा आकडा पाहिला तर ३४ टक्के! तीन आठवडे हाच आकडा ८० च्या वर असायचा. कारण सापडायला अर्धा तास लागला. त्याच आठवड्यात थंडी पडली, घराचं हीटिंग सुरू झालं, आणि गरम कोरड्या हवेचा झरोका पिंजऱ्यापासून चार फुटांवर होता. पिंजरा हलवणं म्हणजे त्याला पुन्हा पहिल्या दिवसावर नेणं, म्हणून झरोक्यावर लोहचुंबकाचं झाकण बसवलं आणि खोली दाराखालच्या फटीतून येणाऱ्या उबेवर ठेवली. रात्री दोन ते पाच फॉगर लावला. धुकं फक्त रात्रीच्या गारव्यात सोडा आणि सकाळी पिंजरा पुरता सुकू द्या. ऊब आणि ओल दिवसभर एकत्र राहिली की श्वासाचे आजार होतात. फॉगरची टाकी मी दर तीन दिवसांनी रिकामी करून घासते.

सातव्या दिवशी युरेट पांढरा झाला, कडेला फक्त पिवळसर छटा. मी त्याचा फोटो काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवला.

दिवस ६ ते ९. हे चार दिवस मला सगळ्यात जास्त शिकवून गेले. सकाळी पाचू हिरवा, दुपारी हिरवा, खाणं व्यवस्थित. पण संध्याकाळ झाली की अचानक अंग चपटं करायचा. बाजूने पाहिलं तर पानासारखा रुंद, समोरून पाहिलं तर सुरीसारखा पातळ. गळा फुगवलेला, शेपटी घट्ट गुंडाळलेली, अंगावरचे पिवळे पट्टे लख्ख. आणि हे सगळं खोलीत कुणी नसताना, हे मी जुन्या फोनचा कॅमेरा लावून पाहिलं. भीतीत तो काळा पडतो हे मला ठाऊक होतं, पण हा रंग भीतीचा नव्हता. त्याच विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात असं आलंय की ज्या नराचे पट्टे जास्त उजळतात तो समोरच्यावर चालून जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे हा कुणावर तरी चालून जायला निघाला होता. कुणावर?

वेळा लिहून ठेवल्या होत्या म्हणून उलगडलं. पावणेसातच्या सुमाराला सुरू, आठला दिवे गेले की बंद, आणि रोज सुरुवात मिनिटभर आधी. सूर्यास्त! बाहेर अंधार पडला आणि आत दिवे चालू असले की शेजारच्या खिडकीचा आरसा होतो. मी पिंजऱ्याशी डोकं टेकवून त्याच्या फांदीच्या उंचीवरून पाहिलं. काचेत हिरवट उजेडाची चौकट, आणि तिच्यात एक दुसरा पाचू, तोही चपटा, तोही पट्टे पेटवलेला. चार संध्याकाळी तो अशा नराशी भांडत होता जो कधी माघारच घेत नव्हता. जाड पडदा लावला. दहाव्या दिवशी आठ वाजता तो फांदीवर सैल पडून होता.

तुमचा शॅमेलिऑन ठरावीक वेळीच चिडत असेल तर काच, टीव्हीचा पडदा, फ्रेम, आधी हे तपासा. दोन शॅमेलिऑन असतील तर एकमेकांच्या नजरेआड ठेवा.

दिवस १२. पहिल्यांदा माझ्यासमोर पाणी प्यायला. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते, त्याच्याकडे तोंड न करता. ठिबकाचा थेंब पानाच्या टोकाला लोंबत होता. पाचूचा एक डोळा माझ्यावर, दुसरा थेंबावर. मग दुसराही डोळा हळूच थेंबाकडे वळला. खालचा जबडा पुढे केला, थेंब ओठावर झेलला, मान उंचावली आणि गळ्याची कातडी एका लयीत वरखाली होत राहिली. सव्वा मिनिट चाललं. दोन्ही डोळे माझ्यावरून काढून घेतले, हे माझ्यासाठी त्या पाण्याहून मोठं होतं.

दिवस १५. मनी प्लांटचं पान कडेने कुरतडलेलं. ही जात पालाही खाते, तेव्हा झाडं आणल्यावर पानं नीट धुवा आणि वरची खतवाली माती बदला. जास्वंदीची फुलं आता मी तोडत नाही, ती त्याला द्यायला ठेवते.

दिवस १६. शीचा नमुना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे दिला, जंत नाहीत. पाचूला नेलं नाही, फक्त डबी नेली.

खाण्याचं सांगायचं तर रोज आठ ते दहा रातकिडे, डोक्याच्या रुंदीपेक्षा लहान. मधूनमधून ड्युबिया झुरळं आणि रेशमाच्या अळ्या. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, भोपळा, कोवळा पाला घालते, त्यांच्या पोटात जे असतं तेच त्याच्या पोटात जातं. दर खाण्याला ड जीवनसत्त्व नसलेलं साधं कॅल्शियम, अगदी चिमटीभर. ड आणि अ असलेली पावडर महिन्यातून दोनदाच. रात्री एकही रातकिडा सुटा ठेवत नाही, झोपलेल्या पिल्लाला ते चावतात.

दिवस २१. चिमट्यात रेशमाची अळी धरून फांदीपासून वीतभर लांब थांबले. हात भरून आला तरी हलवला नाही. सहाव्या मिनिटाला दोन्ही डोळे अळीवर जुळले, तोंड किंचित उघडलं, जिभेचं टोक बाहेर आलं, आणि चिमटा रिकामा. जीभ जाताना मला दिसलीच नाही, चिमट्याला बसलेला हिसका तेवढा कळला. पुढची पायरी हातावरून खाण्याची, पण ती त्याच्या सवडीने.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली. त्याचे टायमर मी बदलले नाहीत, त्याचे दिवे आता सात ते सात. चादरींपैकी एक पंचविसाव्या दिवशी काढली, दोन अजून आहेत.

दिवस ३०, १० नोव्हेंबर. वजन काट्यावर आडवी फांदी ठेवून केलं, तो स्वतः चढला. आला तेव्हा ४१ ग्रॅम होता, आता ५७. कपाळावर आणि मागच्या पायांवर कात सुटायला लागली आहे, पांढरे कागदासारखे पापुद्रे. मी ओढत नाही, फवाऱ्याला अर्धा मिनिट वाढवलंय. आईचा आज फोन आला. पहिला प्रश्न, "त्याने खाल्लं का?"

उंची वाढेल तशी बसायची फांदी ट्यूबपासून खाली घ्यावी लागेल, तुरा मोठा झाला की डोकं वर सरकतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलरमीटर पुन्हा आणणार आहे.