आधी कुत्र्याची जागा, मग आपली: आमची वाटचाल

आम्ही व्हॅन विकत नाही, भाड्यानेही देत नाही. गिऱ्हाईक रिकामी मालवाहू व्हॅन आणून लावतं आणि आम्ही ती आतून बांधून देतो. झोपायची जागा, ओटा, पाण्याची टाकी, वायरिंग, सगळं. हे काम करणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडे येणारा माणूस मात्र बहुधा कुत्रा बरोबर घेऊन येतो आणि त्याला वाळवंटात जायचं असतं. एवढं बारीक गिऱ्हाईक धरून धंदा चालतो का, असं लोक विचारतात. चालतो. बंगले बांधण्याइतका नाही, पण वर्कशॉप रिकामं राहत नाही.

मी मूळचा फर्निचरवाला, भागीदार गाड्यांचं वायरिंग करणारा. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना लाकडी कपाटं, पडदे, पिवळे दिवे हवे असत. फोटोत झकास दिसायचं ते. मग दोन मोठे कुत्रे पाळणारं एक जोडपं आलं. बाईंनी कागद-पेन्सिल काही काढलं नाही. पिशवीतून टेप काढली, कुत्र्याला वर्कशॉपच्या फरशीवर आडवं केलं आणि नाकापासून ताणलेल्या मागच्या पायापर्यंत माप घेतलं. म्हणाल्या, "दादा, एवढी जागा दोनदा सोडा. उरेल त्यात आमचं बसवा." तेव्हापासून प्रत्येक कामाची सुरुवात आम्ही त्याच मापाने करतो.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंज्यांच्या तळव्यांना थोडासा येतो, तेवढाच. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकून, तोंडातल्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून बाहेर काढावी लागते. वाळवंटातल्या कोरड्या हवेत हे छान चालतं, फक्त पाणी भराभर संपतं. बंद व्हॅनमध्ये मात्र त्याच्याच श्वासाने हवा दमट होत जाते आणि धापा टाकूनही अंग गार होईनासं होतं. म्हणून आमच्या व्हॅनमध्ये छतावरचा पंखा हवा बाहेर फेकतो आणि आत येणारी हवा सावलीच्या बाजूने, अगदी फरशीलगतच्या जाळीतून येते. खिडकीतून आलेला वारा माणसाच्या तोंडावर लागतो. कुत्रा खाली पडलेला असतो, त्याला त्याचा काय उपयोग? ती जाळी बिनस्क्रूची, हाताने ओढून निघणारी लागते, कारण दोन दिवसांत ती केसांनी बुजते. स्क्रू असले की कुणी साफ करत नाही.

2005 साली 'पेडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात उन्हात उभ्या केलेल्या गाडीवरचा एक अभ्यास आला होता. तासाभरात आतलं तापमान सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढलं, त्यातली सुमारे 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा थोड्या खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. त्यातले आकडे आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलेत. "पाच मिनिटांत येतो" म्हणणारा माणूस ते वाचतो आणि गप्प होतो.

खरी ओढाताण एसीवरून होते. गिऱ्हाईक म्हणतं, मोठी बॅटरी टाका, एसी लावा, म्हणजे कुत्र्याला आत ठेवून आम्हाला डोंगर चढून येता येईल. त्यांची अडचण खोटी नाही. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली किंवा जोशुआ ट्री या राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यांना पायवाटांवर मनाई आहे. रस्ते, तळ ठोकायच्या जागा, तेवढंच त्यांना मोकळं. मग मालकाने वाट चालायची म्हटलं तर कुत्र्याचं काय करायचं? पण एसी हे यंत्र आहे. फ्यूज उडतो, बॅटरी उतरते, कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. एवढ्याने माणूस वैतागतो, कोंडलेला कुत्रा मरतो. तापमान कळवणारा अलार्म फोनवर येतो खरा, पण वाळवंटात नेटवर्क कुठे मिळतं? आम्ही एसी बसवून देतो, पण कुत्र्याला एकटं ठेवण्यासाठी म्हणून नाही, आणि तसं ऑर्डरच्या कागदावर लिहितो. त्यावर चिडून काही जण दुसरीकडे गेले. जाऊ देत. जे राहिले त्यांना आम्ही सांगतो, पहाटे एकाने चालून यावं, दुसऱ्याने गाडीपाशी थांबावं, आणि पुढच्या खेपेला कुत्र्यालाही चालता येईल अशी वाट शोधावी.

उन्हाळ्यात जाणाऱ्याला आधी परावृत्तच करतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा तर धापा टाकण्याचा मार्गच अरुंद. त्यांचे मालक आले की व्हॅनचं बोलणं नंतर, आधी महिना कोणता ते ठरवतो.

थंडीचं कुणाच्या डोक्यात नसतं. वाळवंटात दिवसा शर्टावर फिरावं आणि रात्री पाणी गोठावं, असे दिवस हिवाळ्यात येतात. आम्ही वापरतो त्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या शून्य अंशाखाली चार्ज केल्या तर कायमच्या खराब होतात, म्हणून बॅटरीची पेटी गाडीच्या पोटाखाली न लटकवता आत, कुत्र्याच्या गादीच्या बाजूला बसवतो. सोलर पॅनेलचं उलटं, ते तापलं की वीज कमी देतं. पॅनेल छताला चिकटवण्याऐवजी चार बोटं उचलून बसवलं की खालून वारा खेळतो आणि छतावर सावलीही पडते. ही भागीदाराची युक्ती. त्याचं कौतुक मी एरवी करत नाही.

पाण्याचा हिशोब आम्ही गिऱ्हाइकाकडूनच करून घेतो. कुत्र्याला साध्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे अंदाजे 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं. वाळवंटात चालणं झालं की त्याहून बरंच जास्त. शिवाय कुणी पाण्यावर चालणारा कूलर मागितला, तर तोही त्याच टाकीतलं पितो. कोरड्या हवेत कूलर एसीपेक्षा किती तरी कमी विजेत गारवा देतो, हे खरं. पण दोन दिवस वस्ती लागणार नसेल तर पाणी कुत्र्याला द्यायचं की कूलरला, हे घरूनच ठरवून निघावं.

व्हॅनबरोबर आणखी एक गोष्ट आम्ही बिनपैशाची देतो. दाराच्या आतल्या बाजूला कापडी खिसा, त्यात चिमटा, पक्कड आणि रुंद दातांचा कंगवा. चिमटा सराट्यांसाठी. सराटा पंज्यात रुतला की कुत्रा तीन पायांवर उभा राहून आपल्याकडे बघतो, आणि आपण बोटांनी काढायला गेलो तर आपल्यालाच टोचतो. कंगवा चोया नावाच्या निवडुंगासाठी. अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरच्या सोनोरन वाळवंटात हा फार. त्याचा गोळा नुसता घासला तरी तुटून पायाला चिकटतो. कुत्रा तो दातांनी काढायला जातो आणि काटे जिभेत शिरतात. तेव्हा आधी त्याचं डोकं धरायचं, मग कंगवा कातडी आणि गोळा यांच्यामध्ये सरकवून एका झटक्यात गोळा दूर उडवायचा. उरलेले काटे पकडीने, एकेक करून. हे आम्ही गिऱ्हाइकाला स्पंजच्या तुकड्यावर करून दाखवतो. हसतात लोक, पण परत आल्यावर सर्वांत जास्त बोलतात ते त्या कंगव्याबद्दल.

गाडी ताब्यात देताना बाकीचं तोंडी सांगतो. हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला खाली उतरवू नका. कोरड्या नदीच्या पात्रात, जागा कितीही सपाट आणि मऊ दिसली तरी, मुक्काम टाकू नका, कारण दूर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा इथे ऊन असतानाही येतो. आणि उष्माघाताने कुत्रा लडखडायला लागला, हिरड्या लालभडक झाल्या, तर डॉक्टरांकडे पळण्याआधी सावलीत घेऊन त्याला पाण्याने भिजवा, पंखा मारा. ओला टॉवेल मात्र अंगावर पांघरून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते.

सध्या हातात म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीच्या रॅम्पचं काम आहे. मालवाहू व्हॅनची फरशी उंच असते, त्यामुळे उतार सोपा करावा तर रॅम्प लांब होतो, आणि लांब रॅम्प ठेवायचा कुठे? पलंगाखालून सरकणारा केला, तर रुळात वाळू जाऊन तो अडकायचा. आता रूळ काढून नायलॉनच्या पट्ट्या बसवल्यात, त्यावर वाळू टाकून रोज ओढून पाहतो. पुढच्या आठवड्यात तो रॅम्प बसवलेली पहिली गाडी जायची आहे. अडचण एवढीच की ज्या कुत्रीसाठी केला ती त्यावर पाय ठेवायला तयार नाही. तिची मालकीण रोज संध्याकाळी वर्कशॉपमध्ये येऊन तिला शिकवते आहे, आणि आमचे कारागीर तेवढा वेळ मशीन बंद ठेवतात.